रेक-लिंक (विरार–चर्चगेट उपनगरी रेल्वे)

ठरलेल्या वेळापत्रकातील सर्व लोकल फेऱ्या कमीत कमी गाड्यांत पार पाडण्यासाठी, एक फेरी संपवलेल्या गाडीने पुढची कोणती फेरी करायची हे ठरवणारी साखळी. रेल्वेच्या भाषेत एकत्र जोडलेल्या डब्यांच्या संपूर्ण गाडीला ‘रेक’ म्हणतात आणि तिच्या दिवसभराच्या फेऱ्यांच्या क्रमाला ‘लिंक’. ही साखळी आखणे हा संक्रिया संशोधन (ऑपरेशन्स रिसर्च) या शाखेतील प्रश्न आहे. मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त काम कसे साधेल, याचा गणिताने निर्णय करणारी ही शाखा आहे. पश्चिम रेल्वेचा विरार–चर्चगेट मार्ग हे तिच्या उपयोजनाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

प्रदेश व मार्ग : वसई-विरार शहर महानगरपालिका 3 जुलै 2009 रोजी स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12,22,390 होती. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही शहरातील उपनगरी स्थानके. नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये वसईची खाडी असून मुंबईकडे जाणारी प्रत्येक लोकल खाडीवरील पुलावरूनच जाते. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे 60 किमी. आहे. मोठी वस्ती एका टोकाला आणि रोजगार दुसऱ्या टोकाला असल्यामुळे सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी विरारकडे अशी एकतर्फी गर्दी होते. गर्दीच्या वेळी डब्यात दर चौरस मीटरला 14 ते 16 प्रवासी उभे असतात. या स्थितीसाठी रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी संज्ञाच रूढ केली आहे.

प्रश्नाचे स्वरूप : वेळापत्रक ही फेऱ्यांची यादी असते, पण कोणती फेरी कोणता रेक करणार, हे त्यात प्रवाशाला दिसत नाही. एका रेकने एका फेरीनंतर दुसरी फेरी करण्यासाठी दोन अटी लागतात. दुसरी फेरी त्याच स्थानकातून सुटली पाहिजे आणि दोहोंच्या मध्ये गाडी उलट दिशेने निघण्यास पुरेसा अवधी मिळाला पाहिजे. या अवधीत मोटरमन एका टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाला जातो, किंवा तिथे दुसरा मोटरमन आधीच तयार असतो.

प्रश्नाचा आवाका साध्या हिशेबातून कळतो. समजा, विरारहून चर्चगेटला जलद लोकलने 80 मिनिटे लागतात आणि दोन्ही टोकांना गाडी प्रत्येकी 10 मिनिटे थांबते. मग रेक 180 मिनिटांनी पुन्हा विरारहून सुटण्यास मोकळा होतो. दर 6 मिनिटांनी एक गाडी सोडायची असेल, तर 180 भागिले 6 म्हणजे 30 रेक लागतील. टोकांचा थांबा प्रत्येकी 7 मिनिटांवर आणला, तर चक्र 174 मिनिटांचे होऊन 29 रेकमध्ये तेच काम भागेल. एकही फेरी न घटवता वाचलेला हा रेक दुसऱ्या फेऱ्यांसाठी किंवा दुरुस्तीसाठी उपलब्ध होतो.

प्रत्यक्षात फेऱ्या अशा समान अंतराने सुटत नाहीत. काही विरारऐवजी वसई, भाईंदर, बोरिवली किंवा अंधेरीलाच संपतात. काही जलद असतात, काही धिम्या. अशा वेळी जोड्या लावाव्या लागतात. विरारला 8:02, 8:10 आणि 8:15 ला तीन गाड्या येतात आणि तिथून 8:12, 8:14 व 8:25 ला तीन सुटायच्या आहेत, असे धरू. किमान थांबा 8 मिनिटांचा असेल, तर 8:12 आणि 8:14 या दोन्ही फेऱ्यांसाठी 8:02 चा रेकच वेळेत तयार होतो. त्यामुळे एका फेरीसाठी कारशेडमधून जादा रेक काढावा लागेल. मात्र 8:14 ची गाडी 8:18 ला सोडली, तर ती 8:10 च्या रेकला जोडता येते, 8:25 ची फेरी 8:15 च्या रेकला मिळते आणि जादा रेकची गरज उरत नाही. एका फेरीची वेळ चार मिनिटांनी सरकवल्याने एक पूर्ण गाडी मोकळी होते. म्हणूनच आधी वेळापत्रक आणि मग लिंक असे दोन स्वतंत्र टप्पे पाडण्यापेक्षा दोहोंचा एकत्र विचार करणे लाभाचे ठरते.

गणिती आधार : या प्रश्नाचे मूळ रूप रेल्वेत मांडले गेले नव्हते. अमेरिकेतील जॉर्ज डँट्झिग आणि डी. आर. फल्करसन यांनी 1954 मध्ये नौदलाच्या तेलवाहू जहाजांसाठी ते मांडले : ठरलेल्या तारखांना ठरलेल्या बंदरांतून तेल न्यायचे असेल, तर कमीत कमी किती जहाजे लागतील? बंदरांच्या जागी स्थानके आणि जहाजांच्या जागी रेक ठेवले की लोकलचा प्रश्न तयार होतो. रॉबर्ट डिलवर्थ यांच्या 1950 च्या प्रमेयावरून त्याचे उत्तरही नेमके सांगता येते. ज्यांतील कोणत्याही दोन फेऱ्या एकच रेक करू शकत नाही, अशा फेऱ्यांचा सर्वांत मोठा गट जेवढा, तेवढेच रेक किमान लागतात. त्याहून कमी रेक पुरत नाहीत आणि त्याहून जास्त लागत नाहीत.

संक्रिया संशोधनाचा उगम दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये रडार आणि पाणबुडीविरोधी मोहिमांच्या अभ्यासातून झाला. डँट्झिग यांनी 1947 मध्ये रेषीय कार्यक्रमणासाठी (लिनिअर प्रोग्रॅमिंग), म्हणजे रेषीय अटींत सर्वोत्तम उत्तर शोधण्यासाठी, सिम्प्लेक्स पद्धत दिली. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी 1984 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करताना याच प्रकारच्या प्रश्नांसाठी नवी कार्यक्षम रीत शोधली. सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या क्षेत्राच्या कडेकडेने सरकते, तर करमरकरांची रीत क्षेत्राच्या आतून वाट काढते. भारतात ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1957 मध्ये स्थापन झाली. ‘ऑपसर्च’ हे तिचे नियतकालिक. उपनगरी सेवांच्या रेक-जोडणीवरील नारायण रंगराज, मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख याच नियतकालिकात 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. रंगराज आणि सोहोनी हे दोघेही त्या वेळी आयआयटी मुंबईत अध्यापक होते.

प्रत्यक्षातील अटी : सर्व रेक एकसारखे असते, तर आधी आलेला रेक आधी सोडावा या साध्या नियमाने किमान रेकसंख्या साधली असती. विरार मार्गावर ते शक्य नाही. येथे 12 डब्यांचे, 15 डब्यांचे आणि वातानुकूलित असे वेगवेगळे रेक आहेत. 15 डब्यांची गाडी तेवढ्या लांबीचे फलाट असतील तिथेच थांबते. वातानुकूलित फेरीची जागा साध्या रेकने घेतली, तर जादा पैसे मोजलेल्या पासधारकांचा रोष ओढवतो. एकाच ताफ्याचे असे गट पडले की एका गटातला मोकळा रेक दुसऱ्या गटाच्या उपयोगी पडत नाही आणि एकूण गरज वाढते.

दिवसाअखेरची अटही महत्त्वाची आहे. रात्री ज्या स्थानकाच्या हद्दीत जितके रेक उभे राहतात, तितकेच सकाळी तिथून सुटले पाहिजेत; नाहीतर रिकामी गाडी पळवावी लागते. प्रत्येक रेक ठरावीक काळाने तपासणीसाठी विरार, कांदिवली किंवा मुंबई सेंट्रल येथील कारशेडमध्ये पोचवावा लागतो. मोटरमन आणि गार्ड (आताचे ट्रेन मॅनेजर) यांची लिंक वेगळी असते. कामाचे तास, विश्रांती आणि घरच्या मुख्यालयी परतणे या तिच्या अटी असल्याने ती रेकच्या लिंकहून अधिक गुंतागुंतीची होते.

मर्यादा सैल होण्याचा इतिहास : कोणती अट टोकाला पोचली आहे आणि ती थोडी सैल केल्यास किती लाभ होईल, हे सांगणाऱ्या संख्येला संक्रिया संशोधनात ‘छाया किंमत’ म्हणतात. विरार मार्गाचा इतिहास याच दृष्टीने वाचता येतो. 12 एप्रिल 1867 रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. विद्युतीकरण 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत आणि 1936 मध्ये विरारपर्यंत झाले. दोन्ही टोकांना केबिन असलेल्या विजेच्या गाड्यांमुळे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्याचा वेळ वाचला. बोरिवली–विरार टप्प्यावर 2007 मध्ये चार मार्गिका पूर्ण झाल्या आणि जलद व धिम्या गाड्या वेगळ्या झाल्या. तरीही लांब पल्ल्याच्या गाड्या या टप्प्यात जलद मार्गिकांचाच वापर करतात.

दोन गाड्यांत सुमारे तीन मिनिटांचे अंतर लागत असेल, तर एका मार्गिकेवरून तासाला 20 च्या पलीकडे गाड्या जात नाहीत. मार्गिका भरल्यावर आणखी रेक विकत घेऊनही गर्दीच्या तासात फेरी वाढवता येत नाही. त्या वेळी रेकची छाया किंमत शून्यावर येते आणि डब्यांची वाढते. 2009 मध्ये आलेल्या 15 डब्यांच्या गाडीने एकही फेरी न वाढवता 12 डब्यांच्या तुलनेत 25 टक्के जादा जागा दिली. फलाट लांबवल्यावर 2021 मध्ये अंधेरी–विरार टप्प्यावर धिम्या फेऱ्याही 15 डब्यांनी सुरू झाल्या. 16 एप्रिल 2013 पासून उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत गेली. विरारच्या उत्तरेला त्या वेळी दोनच मार्गिका असल्याने लोकल, मेल आणि मालगाड्या यांच्यात जागेची स्पर्धा सुरू झाली. तिथली टोकाची अट मार्गिकांची होती. 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. 2024 च्या अखेरीस पश्चिम रेल्वेच्या रोजच्या सुमारे 1,400 उपनगरी फेऱ्यांत शंभराहून अधिक फेऱ्या वातानुकूलित होत्या.

शहरातील समान प्रश्न : रेल्वेबाहेरही वसई-विरारमध्ये याच जातीचे प्रश्न आहेत. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची रोजची क्षमता 40.3 कोटी लिटर असून त्यांतील 18.5 कोटी लिटर वसई-विरारसाठी आणि 21.8 कोटी लिटर मीरा-भाईंदरसाठी राखलेले आहे. शहराच्या वाट्याचे पाणी उंच-सखल भागांतील जलकुंभांत कोणत्या तासाला किती सोडायचे, हा वाटपाचा प्रश्न उरतो. वसई–भाईंदर रो-रो (वाहनांसह प्रवासी नेणारी) बोटसेवा 2024 मध्ये सुरू झाली. रस्त्याने सुमारे 38 किमी. पडणारे अंतर पाण्यावरून साडेतीन किमी.च्या आसपास आहे. मात्र बोटींची संख्या, वाहने चढवण्या-उतरवण्याचा वेळ आणि फेऱ्यांमधले अंतर यांचा हिशेब रेकच्या चक्रासारखाच करावा लागतो.

मर्यादा व टीका : कमीत कमी रेक हे उद्दिष्ट जसेच्या तसे गाठले, तर लिंक फार ताणली जाते. एका गाडीचा उशीर तिच्या पुढच्या सर्व फेऱ्यांना लागतो. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत वसई–विरार टप्प्यात रुळांवर पाणी आल्याने लोकल बंद पडल्या. अशा वेळी आखलेल्या साखळ्या निरुपयोगी होतात आणि कोणता रेक कुठे अडकला आहे, यावरून नवी साखळी काही मिनिटांत बांधावी लागते. म्हणून थांब्यांत थोडा राखीव वेळ ठेवणे आणि एखाददुसरा रेक हाताशी राखणे हेही इष्टतम योजनेचेच भाग मानले जातात. नेदरलँड्सच्या रेल्वेने डिसेंबर 2006 मध्ये संक्रिया संशोधनाच्या साहाय्याने संपूर्ण वेळापत्रक नव्याने आखले. त्या कामाला 2008 चा फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. तिथेही गाड्यांच्या संख्येइतकाच वक्तशीरपणा हा निकष होता.

दुसरी मर्यादा प्रवाशांच्या वागण्याची आहे. गणिती प्रतिमानात प्रवासी आपल्या स्थानकावरून मुंबईच्या दिशेने चढतो असे धरलेले असते. प्रत्यक्षात नालासोपारा आणि वसईचे अनेक प्रवासी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट विरारला जातात आणि त्याच गाडीने परत येतात. त्यामुळे विरारला ‘रिकामा’ धरलेला रेक फलाटावर लागतानाच अर्धा भरलेला असतो आणि विरारकरांच्या वाट्याच्या जागा घटतात. महिलांसाठी स्वतंत्र लोकल 1992 मध्ये सुरू झाली व पुढे विरारपर्यंत आली. अशी फेरी निव्वळ आसनसंख्येच्या हिशेबात इतर फेरीहून वेगळी दिसत नाही. तिचे मूल्य सुरक्षिततेत आहे आणि ते नियोजकालाच उद्दिष्टात घालावे लागते. दिलेल्या अटींत किमान किती रेक लागतील, याचे उत्तर गणित निर्विवाद देते. किती उशीर चालेल, कोणी उभ्याने जायचे आणि कोणत्या स्थानकाची फेरी कापायची, या अटी मात्र रेल्वे प्रशासन, लोकप्रतिनिधी आणि प्रवासी संघटना यांच्या वादसंवादातून ठरतात.