श्रीरामपूर ते वूस्टर : झहीर खानचा एक उन्हाळा

#थ्रेड

श्रीरामपूर तालुका इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो तो प्रवरेकाठच्या दायमाबादमुळे. १९७४ साली तेथे सापडलेला कांस्य रथ आणि हत्ती, गेंडा, रेडा या मूर्ती आपण पाठ्यपुस्तकात पाहिल्या आहेत. क्रिकेट पाहणाऱ्यांना मात्र हा तालुका वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात येथे जन्मलेला एक डावखुरा वेगवान गोलंदाज सत्ताविसाव्या वर्षी भारतीय संघातून बाहेर पडला आणि इंग्लंडमधील एका काउंटीत नोकरी धरून परत आला. आजचा थ्रेड त्या एका हंगामाविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. खेळाडूने परदेशी संघाकडून खेळणे म्हणजे काय, हे देशागणिक बदलते. क्यूबाचा बेसबॉलपटू ओर्लांडो हर्नांडेझ याच्यावर १९९६ मध्ये आजीवन बंदी आली. कारण काय, तर त्याचा सावत्र भाऊ देश सोडून गेला होता आणि हाही जाईल असा सरकारला संशय! पुढच्याच वर्षी डिसेंबरात तो खरोखरच बोटीने निघाला आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून विजेतेपदाच्या संघात खेळला. मायदेशाच्या संघाचे दार मात्र त्याला बंद झाले.

आपल्याकडे इतकी कठोरता कधी नव्हती, पण ताण होता. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी विनू मांकड यांनी निवडीची हमी मागितली. मंडळाने ती दिली नाही, म्हणून त्यांनी लँकशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबचा करार स्वीकारला. हेडिंग्लेच्या दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद ० झाली, आणि मग त्याच मांकडांना क्लबकडून मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या व पहिल्या डावात ५ बळीही घेतले. १९६८ मध्ये काउंट्यांना परदेशी खेळाडू थेट घेण्याची मुभा मिळाली. त्यानंतर फारुख इंजिनीअर लँकशायरला, बिशनसिंग बेदी नॉर्दॅम्प्टनशायरला आणि कपिल देव नॉर्दॅम्प्टनशायर व वूस्टरशायरला खेळले.

झहीरचे पहिले स्थलांतर मात्र देशातल्या देशातच झाले. शिक्षण श्रीरामपुरात, पुढे प्रवरानगर परिसरात अभियांत्रिकीला प्रवेश. ते शिक्षण अर्धवट सोडून तो वडिलांबरोबर मुंबईत आला. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी त्याला घडवले आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांनी. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळेना, तेव्हा तो बडोद्याकडून खेळू लागला. गायकवाडांच्या या जुन्या मराठी राजधानीने १९५७-५८ नंतर रणजी करंडक पाहिला नव्हता. २०००-०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध झहीरने ८ बळी घेतले. त्यांतले ५ दुसऱ्या डावात ४३ धावांत. बडोदा २१ धावांनी जिंकला.

तोवर तो भारताकडून खेळूही लागला होता. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत एकदिवसीय पदार्पण, नोव्हेंबरात ढाक्यात कसोटी पदार्पण. २००३ च्या विश्वचषकात १८ बळी. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिस्बेनला ५ बळी घेतल्यावर मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला, आणि पुढची दोन वर्षे दुखापत आणि पुनरागमन यांच्या हेलकाव्यात गेली. इरफान पठाण संघात स्थिरावला होता. रुद्रप्रताप सिंग आणि श्रीशांत आले. २००५ च्या शेवटी मंडळाच्या करारात झहीर ‘ब’ श्रेणीतून ‘क’ श्रेणीत घसरला. मार्च २००६ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा कसोटी संघात त्याला स्थान नव्हते.

वूस्टरशायरला त्या हंगामासाठी दुसरा परदेशी खेळाडू हवा होता. कर्णधार होता उदयपुरात जन्मलेला विक्रम सोळंकी. सहकाऱ्यांत झिम्बाब्वेहून येऊन तेथलाच झालेला ग्रॅहॅम हिक. संघ दुसऱ्या विभागात. सेव्हर्न नदीकाठचे मैदान आणि समोर कॅथेड्रल हे चित्र छान आहे; पण काउंटी हंगाम म्हणजे मुख्यतः श्रम. एप्रिलच्या थंडीपासून सप्टेंबरपर्यंत चार दिवसांचे सामने, मध्येच एकदिवसीय सामने, आणि या गावाहून त्या गावाला प्रवास.

पदार्पणातच त्याने सॉमरसेटविरुद्ध सामन्यात १० बळी घेतले. वूस्टरशायरच्या खेळाडूने पहिल्याच सामन्यात असे करण्याची शंभराहून अधिक वर्षांतली ही पहिलीच वेळ होती. जूनमध्ये चेम्सफर्डला एसेक्सचे पहिले नऊही गडी त्याने बाद केले. दहाव्याचा, डॅरेन गॉफचा, झेल यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिसच्या हातून सुटला. तो टिपला असता तर एका डावात दहाच्या दहा बळी घेणारा तो या काउंटीचा पहिला गोलंदाज ठरला असता. १३८ धावांत ९! हंगामाअखेर ७८ बळी, आणि वूस्टरशायर पहिल्या विभागात.

येथे थोडे सावध राहायला हवे. ‘वूस्टरने झहीर घडवला’ हे वाक्य फार लवकर लिहिले जाते. दुसऱ्या विभागातील फलंदाज म्हणजे कसोटीतील फलंदाज नव्हेत, आणि चेंडू स्विंग करण्याची कला तो येथूनच घेऊन गेला होता. माझ्या मते त्याला तेथे मिळाली ती सलग गोलंदाजी. ज्याचे शरीर दोन वर्षे साथ देत नव्हते, त्याला आठवड्यामागून आठवडे षटके टाकावी लागली. धाव त्याने आखूड केली, वेगाचा हट्ट सोडला. ड्यूक चेंडूची उठावदार शिवण बराच वेळ टिकते. तिला दोन्ही दिशांनी बोलते करण्याचा सराव रोज होत राहिला. निवड समितीच्या नजरेपासून दूर असणेही त्याच्या पथ्यावर पडले असावे.

वर्षअखेरीस दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर तो पुन्हा भारतीय संघात होता. फेब्रुवारी २००७ मध्ये, ज्या मुंबई संघात पूर्वी जागा नव्हती, त्याच संघाकडून बंगालविरुद्ध रणजी अंतिम सामन्यात त्याने ९ बळी घेतले.

मग जुलै २००७, ट्रेंट ब्रिज. झहीर फलंदाजीला असताना खेळपट्टीवर कोणीतरी जेली बीन्सच्या गोळ्या टाकल्या. तो बॅट उगारून पीटरसनला जाब विचारत असल्याचे दृश्य तुम्ही पाहिले असेल. त्या प्रसंगाने चिडून त्याने बळी घेतले, ही कथा सर्वांना आवडते. पण पहिल्या डावातले ५९ धावांतील ४ बळी त्या गोळ्यांच्या आधीचे आहेत! दुसऱ्या डावात ७५ धावांत ५. भारताने सामना ७ गड्यांनी आणि मालिका १-० अशी जिंकली, इंग्लंडमध्ये १९८६ नंतर प्रथमच. विस्डेनच्या २००८ च्या पाच क्रिकेटपटूंत झहीरचे नाव आले.

वूस्टरमधील त्या उन्हाळ्याचा प्रत्येक चेंडू धावपुस्तिकेत नोंदलेला आहे. श्रीरामपूरच्या मैदानांवरचे नव्वदच्या दशकातील सामने मुख्यतः लोकांच्या स्मरणात आहेत. तालुक्यातील कोणाच्या घरी त्या काळच्या स्थानिक स्पर्धांच्या वह्या, कात्रणे वा छायाचित्रे असतील, तर कृपया खाली कळवा.