भाड्याच्या घरातील आग : घरमालकाची जबाबदारी

भाड्याच्या घराला आग लागल्यास उत्तरदायी कोण, हा प्रश्न बहुधा आग विझल्यावर उपस्थित होतो. उत्तराची तजवीज मात्र भाडेकरार करतानाच करावी लागते. कारण कायद्याने यातील बराचसा भाग करारावर सोपवला आहे.

मूळ तरतूद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. हा केंद्रीय कायदा असल्याने घर फोंड्यात असो वा गोव्याला लागून असलेल्या जोयडा तालुक्यातील बाजारकुणंग येथे, तत्त्व तेच राहते. घरातील जो गंभीर दोष मालकाला ठाऊक आहे, पण भाडेकरूला साधारण दक्षता घेऊनही दिसणार नाही, तो उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. कौलारू घराच्या माळ्यावर लाकडी वाशांना लागून गेलेली जीर्ण वायर हे त्याचे ठळक उदाहरण.

दुरुस्तीचा नियम सावधपणे वाचावा लागतो. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. परंतु कोणती दुरुस्ती मालकाकडे, याची यादी कायदा देत नाही. म्हणून ती करारात असावी. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने घराच्या आतील व बाहेरील वायरिंग मालकाकडे, तर स्विच व सॉकेटची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा नमुना लागू होत नाही; तथापि करारासाठी तो उपयुक्त आहे.

आगीने घराचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा ते कायमचे निरुपयोगी ठरले, तर भाडेकरू करार रद्द ठरवू शकतो. मात्र आग त्याच्याच गैरकृत्यामुळे वा कसुरीमुळे लागली असेल, तर हा हक्क उरत नाही.

फौजदारी जबाबदारी करारात लिहून टाळता येत नाही. हयगयीने मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जणांचा बळी गेला. आगीचे मूळ वीज मंडळाच्या रोहित्रात होते. तरीही बाहेर पडण्याचे मार्ग अडवल्याबद्दल चित्रपटगृहाचे मालक दोषी ठरले.

घर देताना मालकाने वायरिंग व अर्थिंग परवानाधारक वीजतंत्रीकडून तपासून घ्यावे, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि दुसरी वाट मोकळी ठेवावी. भाडेकरूने गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावी, एका सॉकेटवर अनेक उपकरणे लावू नयेत आणि दोष आढळताच मालकाला लेखी कळवावे. त्या पत्राची प्रत जपून ठेवावी. वाद उद्भवल्यास तोच पुरावा ठरतो.

गॅसगळतीसाठी १९०६ आणि अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक घरात दर्शनी जागी लावावेत.