न्यू अल्बियनची सहा वर्षे

उत्तर कॅलिफोर्नियातील सोनोमा हे गाव द्राक्षांच्या मळ्यांसाठी आणि वाइनसाठी प्रसिद्ध आहे. या गावी पत्र्याच्या एका गोदामात १९७६ साली बिअरचा एक लहानसा कारखाना स्थापन झाला आणि १९८२ साली तो बंदही पडला. त्याच्या चालकांच्या पदरी नफा असा पडलाच नाही. तरीदेखील अमेरिकेतील या उद्योगाचा इतिहास न्यू अल्बियन हे नाव घेतल्यावाचून पुरा होत नाही. तो कारखाना का बुडाला आणि बुडूनही स्मरणात का राहिला, हे पाहण्याजोगे आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत राष्ट्रीय दारूबंदी होती. तिच्यापूर्वी गावोगावी बिअरचे स्थानिक कारखाने होते. बंदीने त्यांतील बहुसंख्य बंद पाडले. ती उठल्यावर जे पुन्हा सुरू झाले, त्यांतील पुष्कळांना पुढे मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत टिकता आले नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एवढ्या विस्तीर्ण देशात शंभर कारखानेही उरले नव्हते, आणि त्यांतून निघणारी बिअर बहुतांशी एकाच फिकट, सौम्य जातीची असे.

कारखान्याचे संस्थापक जॅक मॅकॉलिफ यांचा जन्म १९४५चा. अमेरिकन आरमारात तंत्रज्ञ असताना त्यांची नेमणूक स्कॉटलंडमधील होली लॉक येथील पाणबुड्यांच्या तळावर झाली. ब्रिटनमधील एल, पोर्टर, स्टाउट अशा भरदार चवीच्या बिअर त्यांना तेथे आवडू लागल्या. मायदेशी त्या मिळणार नाहीत हे ओळखून ते स्वतःच घरी बिअर करावयास शिकले. परतल्यावर त्यांनी पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला, काही काळ तांत्रिक नोकरीही केली. परंतु स्कॉटलंडमधील ती चव विसरली गेली नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर हा डबघाईस आलेला जुना कारखाना फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये ताब्यात घेऊन सावरला होता. तो पाहून मॅकॉलिफ यांना धीर आला. मात्र मेटॅग यांनी जुने घर दुरुस्त केले होते. मॅकॉलिफ यांना पायापासून नवे बांधावयाचे होते. दारूबंदीनंतरच्या काळात असा छोटा कारखाना नव्याने उभारण्याचे हे पहिलेच धाडस होय. सूझी स्टर्न व जेन झिमरमन या दोन स्त्रिया त्यात त्यांच्या भागीदार होत्या.

पहिली अडचण यंत्रांची. इतक्या लहान मापाची यंत्रे बाजारात मिळेनात. मॅकॉलिफ यांना जोडकाम उत्तम येत असे. दुग्धालयांतून मोडीत निघालेली भांडी आणि कोका-कोलाच्या पाकाची पोलादी पिंपे मिळवून त्यांनी सारी सामग्री स्वहस्ते तयार केली. मोड आणून वाळविलेले सातू, हॉप्सची फुले, यीस्ट आणि पाणी एवढ्यावर काम चाले. एका खेपेस जेमतेम दीड बॅरल, म्हणजे सुमारे पावणेदोनशे लिटर बिअर निघे. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने १५७९ साली या किनाऱ्याला ‘नोव्हा अल्बियन’ असे नाव दिले होते. तेच इंग्रजी वळणाने कारखान्यास दिले गेले आणि बाटलीवरील चिठ्ठीवर ड्रेकचे जहाज आले.

माल खपत असे. वृत्तपत्रांतून कौतुकही झाले. परंतु गणित जुळत नव्हते. दीड बॅरल बिअर करण्यास जे श्रम आणि जो वेळ लागे, त्याच श्रमांत मोठ्या भांड्यांतून कितीतरी पट अधिक माल निघाला असता. मोठी भांडी घ्यावयाची तर भांडवल हवे, आणि अशा जातीचा धंदा कोणी पाहिलेलाच नसल्याने त्यात पैसा गुंतविण्यास कोणी पुढे येईना. कारखान्यातच गिऱ्हाइकाला पेला भरून देता आला असता, तर मधल्या विक्रेत्याचा वाटा वाचला असता. ती मुभा देणारा कायदा कॅलिफोर्नियात झाला तो १९८२ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यू अल्बियनला कुलूप लागले.

तेथील भांडी आणि यीस्ट मात्र वाया गेले नाही. १९८३ मध्ये हॉपलंड येथे निघालेल्या मेंडोसिनो कंपनीने ते घेतले. न्यू अल्बियनमधील मदतनीस डॉन बार्कले हेही तेथे गेले. याच मेंडोसिनो कंपनीवर १९९७ मध्ये बंगळूरच्या विजय मल्ल्या यांच्या उद्योगसमूहाने ताबा मिळविला आणि २०१८ मध्ये तीही बंद पडली. सोनोमाचे ते गोदाम पाहून गेलेल्या केन ग्रॉसमन यांनी चिको येथे सिएरा नेवाडा हा कारखाना काढला, तोही प्रथम दुग्धालयांच्या जुन्या भांड्यांवरच. न्यू अल्बियन कशामुळे बुडाला हे मागाहून येणाऱ्यांना कळून चुकले होते. त्यांनी आरंभच मोठ्या मापाने केला. पुढे २०२२च्या सुमारास अमेरिकेतील बिअरच्या कारखान्यांची संख्या नऊ हजारांवर गेली.

मॅकॉलिफ यांनी स्वतः या धंद्याकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. न्यू अल्बियन या नावाचा हक्क बोस्टनचे कारखानदार जिम कोच यांनी १९९३ मध्ये आपल्याकडे नोंदवून ठेवला होता. २०१२ मध्ये त्यांनी मॅकॉलिफ यांना पाचारण करून त्यांच्याच जुन्या कृतीने ती एल पुन्हा तयार केली आणि तिचा नफा मॅकॉलिफ यांच्या स्वाधीन केला. पुढे ते नावही त्यांच्या कुटुंबाकडे परत गेले. मॅकॉलिफ २०२५ मध्ये वयाच्या ८०व्या वर्षी निवर्तले. कारखाना चालू असता जो नफा त्यांना दिसला नाही, तो कुलूप लागल्यानंतर तीस वर्षांनी त्यांच्या हाती आला.