चित्र सांगणारा भिक्षू

जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत धावडा हे गाव आहे. तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरील दानलेखांत या गावाच्या लोकांचा उल्लेख येतो. १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झाले. त्यात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी इतकी जुळते, की दोन्ही एकाच कलापरंपरेतल्या मानल्या जातात. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात. त्यामुळे धावड्याच्या माणसाला अजिंठ्याची लेणी कधी परकी वाटली नाहीत. शाळेची सहल असो की घरी आलेले पाहुणे, जायचे ते अजिंठ्याला.

पण घरात कोणी अंध असेल, तर तो बहुतेक मागेच राहतो. चित्रे बघायच्या ठिकाणी त्याला नेऊन काय करायचे, असा विचार घरचे करतात. हा विचार प्रेमापोटी येत असला, तरी अजिंठ्याच्या इतिहासाला तो धरून नाही. जिथे चित्र काढले, तिथे ते सांगणारा माणूसही नेमायचा, अशी रीत ज्या परंपरेने घालून दिली, त्याच परंपरेतली ही लेणी आहेत.

याचा पुरावा सतराव्या लेण्याच्या ओसरीत आहे. तिथे डाव्या बाजूच्या भिंतीवर एका मोठ्या चक्राचे अवशेष दिसतात. रंग बराच झडला आहे, पण आऱ्या आणि त्यांच्यामधल्या माणसांच्या आकृती ओळखू येतात. हे भवचक्र, म्हणजे जन्म-मृत्यूच्या फेऱ्याचे चित्र. असे चित्र विहाराच्या दाराशी का काढायचे, याची कथा ‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात येते. मौद्गल्यायन हा बुद्धांचा शिष्य लोकांना निरनिराळ्या योनींतली सुखदुःखे तोंडी समजावून सांगत असे. ऐकायला गर्दी होई. मौद्गल्यायन सगळीकडे पुरा पडणार नाही, म्हणून विहाराच्या दारावर हे चक्र रंगवावे, असे बुद्धांनी सांगितले. चित्र तयार झाले. येणारेजाणारे विचारू लागले, हे काय आहे? भिक्षूंना सांगता येईना. तेव्हा दाराशी एक भिक्षू नेमून त्याने आल्यागेल्याला चित्र उलगडून सांगावे, असे ठरले. मग नेमलेल्यांत अडाणी निघाले, तेव्हा हे काम जाणत्या भिक्षूलाच द्यावे, असा आणखी एक नियम झाला.

या कथेतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी सांगणारा होता. तो सर्वत्र पोचत नाही म्हणून चित्र आले, आणि एकटे चित्र पुरत नाही म्हणून पुन्हा सांगणारा आला. चित्राचे वर्णन करणे ही दृष्टी नसलेल्यांसाठी अलीकडे काढलेली सवलत नाही. दिसणाऱ्यांसाठीच ती आधी लागली.

सांगणारा गेल्यावर काय होते, हेही याच भिंतीने दाखवून दिले. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या या दरीत आला आणि लेणी बाहेरच्या जगाला कळली. पुढे आलेल्या इंग्रजांनी हे चक्र पाहिले आणि ते राशिचक्र समजून सतराव्या लेण्याचे नावच ‘राशिचक्राचे लेणे’ असे पाडले. डोळे शाबूत होते, उजेडही होता, तरी चित्र कळले नाही. १८९०च्या दशकात एल. ए. वॅडेल यांनी त्याचा खरा अर्थ लावला, कारण तिबेटी लामांकडे तसेच चक्र आणि ते समजावण्याची परंपरा जिवंत होती. अजिंठ्याच्या भिंतीवरचे चित्र पुन्हा वाचता आले ते हिमालयातल्या माणसांच्या बोलण्यामुळे.

शब्दाने लेणे दाखवायची धडपड तर लेणी कोरली गेली त्या काळातल्या लोकांनीच केली होती. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवले. ओसरीबाहेरच्या भिंतीवर त्याचा संस्कृत पद्य लेख आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे संपादन केले. त्या लेखात वाकाटकांची वंशावळ तर आहेच, पण लेण्याच्या खिडक्या, दारे, चित्रवीथी आणि अप्सरांच्या मूर्ती यांचेही वर्णन आहे. लेणे समोर असताना ते शब्दांत मांडावे असे दात्याला वाटले. आज लेण्याचे ध्वनिवर्णन लिहायला बसणाऱ्याला यापेक्षा जुना आणि जवळचा आधार मिळणार नाही.

आता भिंतींवर काय रंगवले आहे ते पाहावे. सतराव्या लेण्यात जातककथांची दाटी आहे आणि त्यांतल्या तीन कथांत अंधत्व आहे. श्याम जातकात अंध तपस्वी मातापित्यांची सेवा करणारा मुलगा पाणी आणायला जातो आणि राजाचा बाण त्याला लागतो. मातृपोषक जातकातला पांढरा हत्ती राजाच्या गजशाळेत अन्नाला तोंड लावत नाही, कारण त्याची अंध आई डोंगरात एकटी असते. शिबी जातकात राजा अंध याचकाला आपले डोळे काढून देतो. श्यामच्या कथेतला एक प्रसंग तर केवळ कानांचा आहे. राजा बातमी घेऊन आश्रमात येतो, तेव्हा अंध पिता पायरव ऐकूनच ओळखतो, की ही पावले आपल्या मुलाची नाहीत.

अंध माणसांच्या या कथा दीड हजार वर्षे भिंतीवर आहेत. अंध माणसाला मात्र त्या कुणी सांगितल्या तरच कळतील.

डोळसांची स्थितीही फार वेगळी नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलोफ यांनी दाखवून दिले, की अजिंठ्यातले प्रसंग बऱ्याचदा काळाच्या क्रमाने येत नाहीत, ते स्थळानुसार मांडलेले असतात. राजवाड्यात घडलेले सगळे एका जागी, अरण्यात घडलेले दुसऱ्या जागी. कथेचा शेवट दाराजवळ आणि आरंभ पलीकडच्या कोपऱ्यात असू शकतो. त्यात रंग जपण्यासाठी उजेड मंद ठेवलेला. कथा ठाऊक नसलेला माणूस सुंदर चेहरे पाहतो आणि बाहेर पडतो. चांगला गाइड भेटला, तरच त्याला आतले चित्र उमगते.

लेणी ओस पडल्यावरही चित्र आणि आवाज यांची सोबत महाराष्ट्रात तुटली नाही. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकांचा उल्लेख आहे. सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात पिंगुळी इथे ठाकर समाजाने ही चित्रकथी आजवर टिकवली. पोथीतले एकेक चित्र समोर धरायचे आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातले आख्यान गायचे, असा तो खेळ. सावंतवाडी संस्थानाचा त्याला आश्रय होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातली पैठणची चित्रेही याच कुळातली. त्यांचा मोठा संग्रह दिनकर केळकरांनी जमवला आणि तो पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहे. चित्रकथीचा कागद हातात धरण्याएवढा, आणि खेळ रात्री दिव्याच्या उजेडात. मागे बसलेल्यांचा भार आवाजावरच असणार. तिथे अंध श्रोता कोणत्याही अर्थाने कमी पडत नव्हता.

हे नाते सैल झाले ते एकोणिसाव्या शतकात. चित्राची नक्कल करायची, ती काचेमागे लावायची आणि लोकांनी लांबून गुपचूप पाहायची, ही नवी रीत आली. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात राहून चित्रांच्या प्रती करत होता. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५च्या आगीत लंडनमध्ये जळाल्या. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून तज्ज्ञ आणून मूळ चित्रांची डागडुजी करवली. या सगळ्या कष्टांमुळे अजिंठा जगाला कळला. पण हे सारे कष्ट डोळ्यासाठी होते, आणि दाराशी सांगणारा नेमण्याचा नियम कुणाला आठवला नाही.

त्याच सुमारास मुंबईत अंधांच्या शिक्षणाची सुरुवात होत होती. विक्रम संवत १९५६च्या, म्हणजे ‘छप्पनच्या’ दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या मुलांत अंध मुले होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली त्यांच्यासाठी शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान लिपी १९५१ साली ठरली आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ साली मुंबईत उभी राहिली.

दादरच्या या शाळेत लाहोरहून एक मुलगा आला होता, वय पाच वर्षांच्याही आत. वेद मेहता त्याचे नाव. मेंदुज्वराने चौथ्या वर्षाच्या आतच त्याची दृष्टी गेली होती. पुढे तो अमेरिकेत गेला आणि ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात ३० वर्षांहून अधिक काळ लिहीत राहिला. दादरच्या दिवसांवर त्याने ‘वेदी’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या गद्यात घरे, चेहरे, कपडे, रस्ते इतक्या बारकाईने येत, की लेखक अंध आहे यावर अनेकांचा विश्वास बसत नसे. लोकांनी त्याला सांगितले, त्याने विचारून घेतले, आणि ऐकलेल्यातून दृश्य उभे केले. चांगल्या वर्णनातून काय घडू शकते, याचे याहून ठोस उदाहरण मुंबईत शिकलेल्या माणसांत सापडणे कठीण.

संग्रहालये, बागा आणि नाट्यगृहे अंधांना खुली करण्याचे प्रयत्न इतरत्रही झाले. इंग्लंडमध्ये सुंदरलंडच्या संग्रहालयात चार्ल्टन डीस यांनी १९१३ पासून अंध मुलांना आणि प्रौढांना बोलावून वस्तू हाताळू दिल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ साली अंधांसाठी सुगंधी बाग झाली. वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फान्स्टील या दांपत्याने १९८१ साली नाटकाचे वर्णन श्रवणयंत्रातून ऐकवायला सुरुवात केली. इटलीत अँकोना इथे आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याने १९९३ साली ओमेरो स्पर्शसंग्रहालय उभारले. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली ‘अनुभव’ हे दालन सुरू झाले. तिथे निवडक कलाकृतींच्या प्रतिकृती हाताळता येतात, ब्रेल पाट्या आहेत आणि ध्वनिवर्णनही आहे.

बागांच्या बाबतीत मराठवाड्याला बाहेर पाहण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की अठराव्या शतकातली. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी मैलोगणती नहरीतून आणून उंच भिंतीवरून हौदात सोडले आणि त्याच्या जोरावर यात्रेकरूंसाठी धान्य दळणारे जाते फिरवले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या या आवारात शिरताच पाणी पडण्याचा आवाज येतो. त्यावरून हौद कुठे, भिंत कुठे, सावलीचा वड कोणत्या बाजूला, हे कान लावणाऱ्याला समजत जाते.

अजिंठ्याची दरीही अशीच ऐकण्याची जागा आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराचा कडा, खाली वाघोरा, आणि पावसाळ्यात दरीच्या वरच्या टोकाशी सात कुंडांतून उतरणारा धबधबा. पाण्याचा आवाज कोणत्या हाताला आहे यावरून कड्याचे वळण कळते. पहिल्या लेण्याच्या वीस खांबांच्या सपाट छताच्या विहारात बोललेला शब्द दबलेला येतो, सव्विसाव्या लेण्यातल्या उंच कमानदार छताखाली तोच घुमतो. तिथे महापरिनिर्वाणातला बुद्ध पहुडला आहे, लांबी सुमारे ७ मीटर. अंध माणसाला उशाशी उभे करून पायथ्यापर्यंत चालवत नेले, तर त्या मूर्तीचा आकार त्याला पावलांनी मोजता येतो. मूर्तीला हात लावावा लागत नाही.

कायदाही आता अंध माणसाच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क येतो आणि कला दिव्यांगांना खुली करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. २०११च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी कर्जाच्या मदतीने बांधलेले अभ्यागत केंद्र २०१३ साली खुले झाले, त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. मूळ भिंतीला स्पर्श करता येणार नाही आणि येऊही नये. प्रतिकृतीच्या बाबतीत अशी अडचण नाही. हे केंद्र पुढे दीर्घकाळ बंद पडून राहिले, ही मराठवाड्याची मोठी हानी आहे.

करायचे काम अवघड नाही. सतराव्या लेण्यातल्या भवचक्राचा उठावाचा एक फलक, श्याम, मातृपोषक आणि शिबी या तीन कथांचे मराठीतले ध्वनिवर्णन, आणि ते अंध श्रोत्यांना आधी ऐकवून दुरुस्त करणे. सांगायला माणसे हवीत, तर धावडा, शिवणा, फर्दापूर या पट्ट्यात वाचलेली, बोलकी मुले-मुली आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि मानधन द्यावे. ‘दिव्यावदाना’ने घातलेली अट तेवढी पाळावी: सांगणारा जाणता असावा.

तोवर वाचकांनी थांबू नये. पुढच्या वेळी अजिंठ्याला जाताना घरातल्या किंवा गल्लीतल्या अंध माणसाला सोबत न्या. जाण्याआधी श्याम जातकाची गोष्ट वाचून घ्या, आणि सतराव्या लेण्यात उभे राहून ती त्याला सावकाश, चित्रात जे जिथे आहे ते तिथे सांगत ऐकवा.