पागोट्याचे मोल : लग्नातील मानपान आणि काटकसरीचा इतिहास

१/ मुंबईतील भायखळ्याचा बाजार. दिवसभराची विक्री संपवून दुकानदार घरी गेले आहेत. रिकाम्या झालेल्या उघड्या छपराखाली एका कोपऱ्यात वराकडची मंडळी जमली आहेत, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. बसायला विक्रेत्यांचे दगडी ओटे. खालून गटाराचे पाणी वाहते आहे. पहाटे बाजार पुन्हा भरण्यापूर्वी सर्व विधी उरकून जागा मोकळी करायची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील हे लग्न. वराचे नाव भीमराव रामजी आंबेडकर, वधूचे नाव रमाबाई.

२/ इतक्या थोडक्यात लग्न होऊ शकत होते, तर त्या काळातील सामान्य कुटुंबे लग्नापायी कर्जात का बुडत? ‘हौस’ हे याचे नेहमीचे उत्तर. लग्नखर्चाची यादी नीट पाहिली तर मात्र निराळे चित्र दिसते. त्या यादीत यजमानाच्या हौसेपेक्षा इतरांच्या हक्कांच्या नोंदी अधिक सापडतात, आणि त्यांत ठळक नोंद असते ती कापडाची.

३/ आज लग्नाला जाताना काय घालावे, ही पाहुण्याची चिंता असते. जुन्या महाराष्ट्रात ती मोठ्या प्रमाणात यजमानाची चिंता होती. व्याह्यांना पागोटे, शेला, उपरणे; विहिणीला लुगडे; नात्यातील बायकांना चोळीचे खण. करवलीचा मान निराळा, मामाचा निराळा. नवरदेवाचा कान पिळणाऱ्या वधूच्या भावालाही कानपिळीचा मान म्हणून वस्त्र द्यावे लागे. पाहुणा लग्नाला कोणत्या कपड्यांत आला, यापेक्षा परतताना त्याच्या हाती कोणते वस्त्र पडले, याची चर्चा अधिक होई.

४/ हा व्यवहार दुहेरी होता. पाहुणेही आहेर आणत. मांडवात कोणीतरी वही घेऊन बसे आणि कोणी काय दिले ते लिहून ठेवी. ती वही पुढे जपली जाई, कारण त्या घरच्या कार्यात तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, आहेर परत करायचा असे. आहेर हे एका अर्थाने बिनव्याजी कर्जच होते. त्याची फेड न करणाऱ्याला कोर्टात कोणी खेचत नसे, पण चारचौघांत त्याचे नाव निघे.

५/ कापडालाच एवढे महत्त्व का? मराठी राज्यव्यवहारात वस्त्र हे मानाचे चलन होते. सरदाराचा गौरव करायचा तर त्याला पोशाख दिला जाई. पदाची नेमणूकसुद्धा वस्त्रे देऊनच होई. १७२० साली छत्रपती शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपद दिले, त्याला मराठीत आजही ‘पेशवाईची वस्त्रे दिली’ असेच म्हणतात. दरबारात जे वस्त्र पदाची खूण होते, तेच गावच्या मांडवात नात्यातील पायरीची खूण झाले. कोणाचे पागोटे जरीचे, कोणाचे साधे, यावरून कोण कोणाच्या वर, हे सर्वांना कळे.

६/ नात्यागोत्यापलीकडे गावही होते. परटाने पायघड्या घालायच्या, कुंभाराने मडकी पुरवायची, न्हाव्याने, गुरवाने, महाराने आपापली कामे करायची. प्रत्येकाचे काम ठरलेले, तसे कार्यप्रसंगीचे देणेही ठरलेले. या साऱ्यांत ग्रामजोशाचे स्थान विशेष होते. मुहूर्त काढणे आणि लग्न लावणे हे त्याचे वतन होते. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क. त्यावर मालमत्तेप्रमाणे दावा सांगता येत असे.

७/ अशा व्यवस्थेत ‘खर्च कमी करा’ हा उपदेश करणे सोपे होते, पाळणे अवघड. एक पागोटे कमी केले तर एक नाते दुखावे. एक दक्षिणा चुकवली तर एक हक्क मोडे. काटकसर करणाऱ्या घराला कंजूष म्हटले जाई, आणि त्याचा परिणाम पुढच्या मुलीच्या सोयरिकीवर होई. म्हणून एकट्या कुटुंबाची काटकसर बहुधा मांडवाच्या दारातच अडत असे.

८/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जाचे रोखे, वह्या हिसकावून जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखले जाते. त्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. रयत कर्जबाजारी का झाली, हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न होता.

९/ अनेक अधिकाऱ्यांचे उत्तर तयार होते : रयत लग्नात उधळपट्टी करते. हे उत्तर सरकारला सोयीचे होते, कारण त्यात दोष रयतेच्या स्वभावाचा ठरत होता. आयोगाने मात्र ते जसेच्या तसे स्वीकारले नाही. लग्नखर्च ही शेतकऱ्याच्या देण्यातील महत्त्वाची बाब आहे, पण या कारणाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे आणि कर्जाचे मूळ क्वचितच तिथे सापडते, असे मत त्याने नोंदवले. कोरडवाहू जमीन, बेभरवशाचा पाऊस, वडिलोपार्जित कर्ज आणि शेतसाऱ्याचा ताठरपणा यांकडे त्याने लक्ष वेधले. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून संरक्षण देणारा कायदा झाला.

१०/ इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लग्नखर्च हे कर्जाचे मूळ नव्हते, म्हणून तो निरुपद्रवी होता असे होत नाही. आधीच वाकलेल्या घराला तो आणखी वाकवत होता. प्रश्न असा होता की या खर्चाबद्दल रयतेला दोष द्यायचा, की तो खर्च ज्या हक्कांतून उगवतो त्या हक्कांनाच हात घालायचा. दुसरा मार्ग पुण्यात आधीच कोणी तरी धरला होता.

११/ २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला या समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. वधूची आई सावित्रीबाईंची मैत्रीण होती आणि या लग्नात सावित्रीबाईंनी स्वतः पुढाकार घेतला. पुरोहित नाही, दक्षिणा नाही, मानपानाचा डोलारा नाही. विड्यासुपारीच्या किरकोळ खर्चात लग्न पार पडले.

१२/ या लग्नाकडे केवळ ‘स्वस्त लग्न’ म्हणून पाहिले तर त्याचा अर्थ निसटतो. फुल्यांनी १८८७ मध्ये सत्यशोधक विधींचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील मंगलाष्टके मराठीत आहेत आणि ती वधूवरांच्या परस्परसंवादाच्या रूपात आहेत. वधू त्यात स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर तशी शपथ घेतो. विधीची भाषा वधूवरांना समजू लागली, तेव्हा मध्यस्थाची गरज संपली, आणि मध्यस्थ गेला तेव्हा त्याचा खर्चही गेला. पैशाची बचत ही या बदलाची फलश्रुती होती.

१३/ ज्यांचे उत्पन्न बुडाले ते गप्प बसणार नव्हते. जुन्नरजवळच्या ओतूर गावी बाळाजी कुसाजी पाटील यांच्या घरी ग्रामजोशाला न बोलावता लग्न लागले. जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. आपल्या घरच्या लग्नात एक खर्च टाळायचा, तर गावच्या पाटलालाही कोर्टाची पायरी चढावी लागली. ज्याच्यामागे पाटीलकी नव्हती, त्या कुळाची स्थिती काय असेल, याची कल्पना यावरून करता येते.

१४/ हा गुंता सुटायला १९२६ साल उजाडावे लागले. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी जोशी वतनाविषयीचे विधेयक आणले आणि त्याचा कायदा झाला. ज्याने बोलावलेच नाही त्याच्याकडून दक्षिणा मागण्याचा वंशपरंपरागत हक्क त्यामुळे संपुष्टात आला. एका साध्या लग्नाला कायद्याचे पाठबळ मिळायला पहिल्या सत्यशोधक विवाहानंतर पन्नासहून अधिक वर्षे लागली.

१५/ सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा ठराव मांडणारे बोले ते हेच. त्या ठरावाच्या आधारे मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच दुसरी परिषद भरली. तिथे डॉ. आंबेडकर स्त्रियांपुढे कपड्यांविषयी बोलले. लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि गळ्या-हातांतील जे जड दागिने जातीची खूण झाले आहेत ते टाका, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. अनेक स्त्रियांनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली.

१६/ हे भाषण लग्नाविषयी नव्हते. तरीही वस्त्र आणि मान यांच्या जुन्या नात्यावर त्याने नेमके बोट ठेवले. पागोटे पायरी दाखवते, तसे लुगड्याचे नेसणेही पायरी दाखवते. पायरी नाकारायची असेल तर भारी कापड घेण्याची गरज नाही. ती खूण मात्र उतरवायला हवी. फाटके पण स्वच्छ, या दोन शब्दांत काटकसर आणि स्वाभिमान एकत्र आले.

१७/ त्याच काळात विदर्भातून निघालेले गाडगेबाबा चिंध्यांचा वेश करून गावोगाव कीर्तने करत होते. कर्ज काढून सण-लग्ने साजरी करू नका, बायकोला लुगडे कमी किमतीचे घ्या, पण मुलाला शाळेत घाला, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. वाचलेला पैसा कुठे जावा, याचे उत्तर त्यांच्या कीर्तनात होते. त्यांच्या दशसूत्रीत उघड्यानागड्यांना वस्त्र आणि गरीब तरुण-तरुणींचे लग्न, ही दोन्ही कामे आहेत. म्हणजे लग्न हा आनंद त्यांना मान्य होता. सावकाराच्या दारातून येणारा थाट मान्य नव्हता. तुकडोजी महाराजांनीही ‘ग्रामगीते’त कर्ज काढून केलेल्या लग्नाच्या थाटाला असेच फटकारले.

१८/ या साऱ्या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. महाराष्ट्रात लग्नाचा खर्च कमी झाला तो केवळ कोणी हिशेबाला कडक झाल्यामुळे नव्हे. मान कापडात मोजू नये, हे काही माणसांनी एकत्र येऊन ठरवले. त्यासाठी नवे विधी रचले, कोर्टात खेटे घातले, कायदे करवून घेतले. काटकसर एकट्याने केली की ती कंजुषी ठरते. समाजाने केली की तिला सुधारणा म्हणतात.

१९/ लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आज सहज वाचली जाते आणि सहज विसरलीही जाते. ती वही, ती यादी, ते परतफेडीचे ओझे त्या एका ओळीने मोडीत निघते. मात्र त्याच मांडवात व्याह्यांचे फेटे, जवळच्यांच्या साड्या आणि मानपानाची पाकिटे अजून दिसतात. जुनी यादी पुरती मिटलेली नाही. तिच्यातील काही नोंदी तेवढ्या बदलल्या आहेत.

२०/ पुन्हा भायखळ्याच्या त्या बाजारात येऊ. त्या लग्नाला उभे राहिलेल्यांच्या अंगावर कोणते कपडे होते, कोणाला कोणते पागोटे मिळाले, याची आठवण इतिहासाने ठेवलेली नाही. पहाट झाली, ओटे मोकळे झाले आणि बाजार पुन्हा भरला. त्या दगडी ओट्यांमध्ये सुरू झालेला संसार मात्र महाराष्ट्राच्या कायमचा स्मरणात राहिला.

(थ्रेड समाप्त)