सेनोते : एका श्वासाची बुडी आणि भूमिगत जलमार्ग

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात चुनखडकाचे छत कोसळून उघडी पडलेली, पाण्याने भरलेली विवरे म्हणजे सेनोते. टाकी न लावता एका श्वासावर बुडी मारणारे फ्रीडायव्हर येथे उतरतात. त्यांना प्रत्येक विवर स्वतंत्र विहीर वाटते. प्रत्यक्षात ते एका विशाल भूजलसाठ्याचे उघडे तोंड असते, आणि त्याच्या रक्षणाचा विचार त्या साठ्यापासूनच सुरू व्हायला हवा. याचा पहिला पुरावा बुडी मारणाऱ्याला स्वतःलाच दिसतो. तुलुमजवळच्या अनेक विवरांत साधारण 10 ते 20 मीटरवर गोडे पाणी संपून खारे लागते. दोन्ही मिसळतात त्या थरात सारे धूसर होते, समोरचा दोरही थरथरताना दिसतो. थर ओलांडला की पाणी पुन्हा नितळ. हे खारे पाणी खडकातल्या वाटांनी समुद्रातून आत आलेले असते. भुयारांत पाण्याखाली लवणस्तंभही लटकलेले आहेत. ते फक्त हवेतच घडतात. म्हणजे हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना या वाटा कोरड्या होत्या. 2018 मध्ये पाणबुड्यांनी साक अक्तुन आणि दोस ओहोस ही दोन भुयारजाळी जोडलेली असल्याचे दाखवले, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी सुमारे 347 किलोमीटर भरली.

प्रत्येक विवराला असे भुयार सापडलेले नाही, हा आक्षेप खरा आहे. पण माणूस शिरेल एवढी वाट नसली म्हणून पाण्याची वाट बंद होत नाही. चुनखडकातल्या बारीक भेगा त्याला पुरतात. दुसरा आक्षेप असा की फ्रीडायव्हर काही घेऊन जात नाही, काही टाकत नाही. अंगावरचे सनस्क्रीन मात्र पाण्यात उतरतेच, म्हणून आधी अंग धुणे आवश्यक आहे. तरीही मोठा धोका वर, जमिनीवर आहे : हॉटेले आणि वस्त्यांचे सांडपाणी. जमिनीवरचे सांडपाणी चुनखडकातून दूरवर पोहोचते, हे फ्लोरिडातील वाकुला झऱ्याने सिद्ध केले. टॅलहसी शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जेथे शेतात फवारले जाई, तेथे पाण्याचा माग काढण्यासाठी सोडलेला रंग कित्येक किलोमीटर दूरच्या या झऱ्यात उगवला. पुढे शहराने सांडपाणी प्रकल्प सुधारला आणि झऱ्यातील नायट्रेट घटले.