हस्तर: मेंढपाळांच्या देवाचा तुंबाडपर्यंतचा प्रवास

गेला महिनाभर प्रबंधाची पुस्तके मिटून ठेवली आणि केवळ भयकथा व स्वस्त नियतकालिकांतले साहित्य वाचले. निमित्त एका नावाचे होते. 'तुंबाड' पाहिल्यावर अनेकजण विचारतात, हस्तर कोणत्या पुराणातला? कोणत्याच नाही. या धाग्यात त्याची वंशावळ.

१८९१ मध्ये अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स याच्या एका कथेत हस्तर प्रथम भेटतो. तो मेंढपाळांचा देव आहे. कोवळ्या वयाचा हैता रोज पहाटे उठून त्याच्या देवस्थानी प्रार्थना करतो. भीतीचा लवलेश नाही.

१८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने 'द किंग इन यलो'मध्ये हे नाव उचलले. पण एका कथेत ते ससाणे सांभाळणाऱ्या सेवकाला दिले, तर दुसरीत ताऱ्यांच्या नावांशेजारी नेऊन ठेवले. त्याला बहुधा नावाचा नादच हवा होता.

मग आले 'विअर्ड टेल्स', १९२३ मध्ये सुरू झालेले मासिक. लाकडाच्या लगद्याचा, लवकर पिवळा पडून तुकडे होणारा कागद. 'पल्प' ही संज्ञा त्या कागदावरूनच पडली. १९३१ मध्ये लव्हक्राफ्टने येथे हस्तरचा ओझरता उल्लेख केला. १९३९ मध्ये ऑगस्ट डर्लेथने त्याच मासिकात त्याला भयंकर आदिम शक्तीचे रूप दिले. मेंढपाळांचा रक्षक अठ्ठेचाळीस वर्षांत राक्षस झाला!

१९८४ मध्ये स्टीफन किंगची 'ग्रॅमा' प्रसिद्ध झाली. घरात एकटा मुलगा आणि चेटूक जाणणारी मरणासन्न आजी. तिला आवरायचे ते हस्तरच्या नावाने.

ही कथा मराठीत 'आजी' या नावाने आणली नारायण धारपांनी. त्यांची 'लुचाई'ही किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. येथे वाद उभा राहतो: हे रूपांतर की उचलेगिरी? मूळ लेखकाचे नाव वाचकाला स्पष्ट कळले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु केवळ धारपांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा इतिहासावर अन्याय आहे. मराठी वास्तववादी कादंबरीचे प्रवर्तक मानले जाणारे हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'वर आधारलेली होती. रेनॉल्ड्स हा लंडनच्या एक-पेनी साप्ताहिकांचा लेखक! आपल्या 'गंभीर' कादंबरीच्या मुळाशीही असा स्वस्त कागद आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र आपट्यांना प्रकरण मिळते आणि धारपांना, मिळालीच तर, एक ओळ.

१९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने राही अनिल बर्वे यांना धारपांची कथा तोंडी सांगितली. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला. शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, भाषा हिंदी, भूमी कोकणची. म्हातारीला निजवण्यासाठी मुले हस्तरचीच धमकी देतात. पण येथे तो देवीचा लाडका मुलगा आहे: सोने हाती लागले, धान्य मात्र नाही. म्हणून त्याला भुलवायला पिठाची बाहुली लागते. बिअर्सच्या हस्तरकडे सोने नव्हते आणि ही भूकही नव्हती. दोन्हींची भर कोकणातल्या या पडक्या वाड्यात पडली.